आर्डिसच्या मापाची सीट

मार्लिस एंगसेट सहा फूट उंच होती आणि या गोष्टीबद्दल ती जन्मभर माफी मागत आली होती. चर्चमध्ये ती अगदी शेवटच्या बाकावर बसायची, कुणाच्या आड यायला नको म्हणून. फोटोत मागच्या रांगेत उभी राहायची, तेही गुडघे थोडे वाकवून. शाळेत बँड शिकवायची तेव्हा पोरं तिला 'दीपस्तंभ' म्हणत, आणि आपल्याला ते ठाऊकच नाही असं दाखवत तिने निवृत्त होईपर्यंत निभावून नेलं. लग्नाचं जमलं नाही, त्यातही उंचीचा थोडा हात असावा असं गावाचं मत होतं. हे मत अर्थातच तिच्या कानावर जाणार नाही याची सगळ्यांनी नीट काळजी घेतली होती.

अशी ही मार्लिस चौसष्टाव्या वर्षी ऑर्लिन टॉर्गरसनच्या मोटारसायकलवर मागे बसू लागली.

ऑर्लिन जन्मभर खेड्यापाड्यांतून टपाल वाटत फिरला. निवृत्त झाल्यावर माणसाने घरी बसावं, तर हा पुन्हा फिरायलाच लागला, फक्त टपालाशिवाय. त्याची मोटारसायकल लांबच्या प्रवासाची, दोन माणसं आणि त्यांचा संसार घेऊन जाईल अशी. मागच्या सीटला पाठ होती, दोन्ही बाजूंना हात टेकायला गाद्या होत्या, थंडीत सीट गरम करायचं बटण होतं आणि खोकल्याच्या गोळ्या ठेवायला उजव्या हाताशी चामड्याचा खिसाही होता. गावच्या मोटारसायकल क्लबातले लोक म्हणायचे, "आमच्याकडे मोटारसायकली आहेत, ऑर्लिनकडे दिवाणखाना आहे." हा दिवाणखाना त्याने हिवाळ्यामागून हिवाळे गॅरेजमध्ये बसून हाताने केला होता, आर्डिससाठी. आर्डिस म्हणजे त्याची बायको. उंची पाच फुटांना जेमतेम टेकणारी. तिला त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता दिसावा म्हणून त्याने सीटचा फोम थरावर थर लावून वाढवला होता, तिचे पाय लोंबू नयेत म्हणून पाय ठेवायच्या पट्ट्या वर घेतल्या होत्या. आर्डिसला जाऊन चार वर्षं झाली. सीट होती तिथेच होती.

आता त्या उंच सीटवर मार्लिस बसली की काय व्हायचं, हे सांगायला चित्रकार नको. गुडघे हातांच्या गाद्यांच्याही वर यायचे. डोकं समोरच्या काचेच्या वर निघायचं आणि सगळा वारा थेट हेल्मेटवर. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, ऑर्लिनने मागे घडीची खुर्ची बांधली आहे आणि तिची घडी नीट पडलेली नाही.

पण मार्लिसच्या तोंडातून कधी ब्र निघाला नाही. आमच्या मिनेसोटात तशी रीतच नाही. इथे एखाद्याच्या पायावरून ट्रॅक्टर गेला तर तो ट्रॅक्टरवाल्याला म्हणेल, "सवड झाली की जरा मागे घेशील?" आणि सवड विचारल्याबद्दल वर दिलगिरी व्यक्त करील.

मे महिन्यात दोघं सुपीरियर सरोवराकाठच्या ड्युलूथला जाऊन आली, पहिला लांबचा प्रवास. वाटेत थांबायच्या बऱ्याच जागा लागल्या. ऑर्लिन थांबला नाही, कारण मार्लिस थांब म्हणाली नाही. मार्लिस म्हणाली नाही, कारण ऑर्लिन थांबला नाही. एकमेकांच्या भिडेपोटी दोघांनी अर्धं राज्य एका दमात ओलांडलं. पोचल्यावर मार्लिस उतरली आणि दिव्याच्या खांबाला धरून बराच वेळ उभी राहिली.

"कसा झाला प्रवास?" ऑर्लिनने विचारलं.

"छान झाला. हवा काय सुंदर होती!" हवेचा विषय आमच्याकडे त्यासाठीच ठेवलेला आहे.

त्यानंतर ऑर्लिनने तिला सुपीरियर सरोवराच्या फेरीला येतेस का म्हणून विचारलं. जुलैत क्लबातली सगळी जोडपी निघणार होती, पार कॅनडाच्या बाजूने वळसा घालून परत. मार्लिसने "विचार करते" म्हटलं आणि खरोखरच विचार करून करून ती अर्धी झाली. त्या सीटवर एवढा प्रवास तिच्याच्याने होणार नव्हता. दुखतं म्हणून सांगावं, तर ऑर्लिनला आर्डिसची सीट मोडावी लागणार, आणि ते कुठल्या तोंडाने सांगायचं? नाही म्हणावं, तर तो पुन्हा विचारणार नाही. आमच्याकडे जेवणाचा आग्रह तीनदा होतो, माणसाचा एकदाच. शेवटी तिने एक खोटं तयार करून ठेवलं, की त्याच सुमारास फार्गोहून आपली बहीण यायची आहे. ते वापरायचा दिवस मात्र ती पुढे ढकलत राहिली. कारण ते वापरल्यावर रविवारची संध्याकाळ पुन्हा पूर्वीसारखीच होणार होती, एका माणसाचं हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला बटाटा-खिमा, गरम करायचं आणि उरलेलं सोमवारी खायचं.

जूनमध्ये ऑर्लिन म्हणाला, "नदीपलीकडे विस्कॉन्सिनमध्ये एक सीट बनवणारी आहे. माझी सीट जरा बघून घ्यावी म्हणतो. येतेस सोबत?"

मार्लिस गेली. तीच सीट, तोच वारा.

सीट बनवणारीचं नाव वांडा ग्रुचाला. मिसिसिपीपलीकडच्या पोलिश लोकांपैकी, ठेंगणी, रुंद खांद्यांची आणि मनातलं मनात ठेवायची सवयच नसलेली. तिच्या कामाची पद्धत अशी की सकाळी गाडी घेऊन यायचं. ती तुम्हाला गाडीवर बसवते, कुठे रुततं, कुठे टोचतं ते विचारते, तिथला फोम कापते, मग तशाच उघड्या फोमवर बसून तुम्ही एक चक्कर मारून यायचं, काय राहिलं ते सांगायचं. असं करत करत संध्याकाळपर्यंत सीट शिवून तयार.

"मागे बसणाऱ्या तुम्ही ना?" तिने मार्लिसला विचारलं. "चढा."

"मी नुसती सोबत आलेय," मार्लिस म्हणाली. "सीट त्याची बघायची आहे."

"पुढच्या सीटला काही धाड भरलेली नाही. फोनवर त्यांनीच सांगितलं. मागचीचं काम आहे म्हणाले."

मार्लिसने ऑर्लिनकडे पाहिलं. ऑर्लिन छताचा पंखा बघत होता. पंखा बंद होता.

मार्लिस चढून बसली. वांडा हातात खडू घेऊन तिच्याभोवती एक चक्कर मारून आली.

"कुठे दुखतं?"

"कुठेच नाही."

"कंबर?"

"बरी आहे."

"आणि गुडघे?"

"ठीक आहेत की."

"अहो, गुडघे तुमच्या कानाशी लागलेत."

"त्यांचं पहिल्यापासून जमतं," मार्लिस म्हणाली.

वांडाने खडू खाली ठेवला. "लूथरन पंथाच्या?"

"हो."

"नॉर्वेजियन?"

"वडलांकडून. आई स्वीडिश."

"अरे देवा," वांडा म्हणाली. मग ती ऑर्लिनकडे वळली. "चालवणाऱ्यांनी बाहेर जायचं. पलीकडे कॉफी आहे, केक आहे. माझा नियम आहे हा. नवरा समोर असताना खरं बोलणारी बाई मी अजून पाहिली नाही."

"तो माझा नवरा नाही," मार्लिस घाईने म्हणाली.

"मग तर बघायलाच नको."

ऑर्लिन बाहेर गेला. जाताना त्याने दार इतक्या हलक्या हाताने लावलं की ते लागलंच नाही, आणि वांडाला उठून ते नीट लावावं लागलं.

तिने पुन्हा काही विचारलं नाही. मार्लिसला उतरवलं, सीट गाडीवरून काढली, उलटी केली आणि पकडीने एकेक पिन उपटायला लागली. आवरण निघालं. आत फोमचे थर होते, खाली पिवळा, त्यावर पांढरा, मग निळसर, मग परत पांढरा. प्रत्येकाच्या कडा घासून एकमेकांत मिळवलेल्या.

"काम बाकी निगुतीने केलंय," वांडा म्हणाली. "पण कुणासाठी?"

"आर्डिससाठी. त्याची बायको. वारली."

"उंचीला?"

मार्लिसने स्वतःच्या खांद्याशी आडवा हात धरला.

"हं." वांडाने फोमवर चार बोटं टेकवली. "मग एवढं तरी उतरवावं लागेल. मागे पण सरकवायला हवी. आणि पायाच्या पट्ट्या खाली."

"मग राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"आहे तशी बसवून टाका. मी जमवून घेईन. माझी उंची हा काही तिचा दोष नाही."

वांडाने पकड टेबलावर आपटली. "हे बघा बाई, माझ्या धंद्यात कुणीतरी 'आई गं' म्हणावं लागतं. तुम्ही म्हणत नाही तोवर मी सुरी घालू कुठे? मी काही मनकवडी नाही, आणि असते तर सीटा शिवत बसले असते का?"

मार्लिसने कोट सारखा केला. ती म्हणाली, "मी त्याच्याशी बोलून येते," आणि बाहेर आली. मनात एवढंच होतं की आता बहिणीला फार्गोहून निघायला हरकत नाही.

ऑर्लिन भिंतीलगतच्या बाकावर कागदी पेला हातात धरून बसला होता. ती शेजारी बसली. बाक ठेंगणा होता, दोघांचेही गुडघे वर आले.

"ऑर्लिन, मी सांगायचं विसरलेच. जुलैत माझी बहीण येतेय. फार्गोहून."

"कधी?"

"नेमकी त्याच दिवसांत."

"असं." त्याने कॉफीचा घोट घेतला. "बरं होईल तुला. सोबत होईल."

"हो ना."

आमच्याकडचा कुठलाही समजूतदार माणूस इथे थांबला असता. हवेबद्दल चार शब्द बोलला असता, घरी गेला असता आणि पुढची दहा वर्षं चर्चमध्ये लांबून मान हलवत राहिला असता. ऑर्लिननेही तसा प्रयत्न केला. तो म्हणाला, "ढग येतायत वाटतं." मग तो पेल्यात बघत बसला.

"ड्युलूथला तू तो खांब धरून उभी होतीस," तो एकदम म्हणाला.

"सरोवर बघत होते."

"सरोवर तुझ्या पाठीमागे होतं, मार्लिस. तू गाड्या उभ्या करायचं पटांगण बघत होतीस."

मार्लिस बाकावर जरा सरकून बसली.

"मी तेव्हाच विचारायला हवं होतं. म्हटलं, काही असेल तर सांगेल." त्याने पेला बाकावर ठेवला, पुन्हा उचलला. "आर्डिसला दवाखान्यात नेलं ना, तेव्हा नर्सने विचारलं, किती दुखतंय, एक ते दहा. आर्डिस म्हणाली, दोन. मग तिला वाटलं, आपण त्या मुलीचा उगाच वेळ घेतोय. म्हणून म्हणाली, तीन लिहा हवं तर. पानं गळायच्या आत गेली ती." तो थांबला. "मी तिथेच खुर्चीत बसलो होतो. मलाही वाटलं, तीन म्हणजे काही फार नाही."

आतून वांडाच्या रेडिओवर उडत्या चालीचा पोल्का चालू होता. फारच आनंदी होता तो, पण त्याला कोण काय सांगणार?

"तेव्हा तुला यायचं नसेल तर नको येऊस," ऑर्लिन म्हणाला. "पण तू छान म्हणालीस की मला ते तीन आठवतं. एवढंच."

ऑर्लिनच्या मानाने हे जवळजवळ भाषण होतं. ते संपल्यावर त्याचे कान लाल झाले. मार्लिसने बोटातली अंगठी फिरवावी तसं कोटाचं बटण फिरवलं.

"माझी बहीण येत नाहीये," ती म्हणाली.

"बरं."

"ऑर्लिन, माझे गुडघे दुखतात."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"माकडहाड दुखतं. ड्युलूथहून आल्यावर मी आठवडाभर उभ्याने जेवत होते. मान अवघडते. वारा हेल्मेटवर ढोल बडवतो, आणि बडवतो तोही ताल सोडून, त्याने जास्त त्रास होतो. तो खोकल्याच्या गोळ्यांचा खिसा मांडीत रुततो." एकदा बूच निघाल्यावर तिला थांबता येईना. "आणि बसल्यापासून सारखं वाटतं, मी कुणाच्या तरी मांडीवर बसलेय. न विचारता."

हे शेवटचं तिला बोलायचं नव्हतं. बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला.

ऑर्लिनने पेला बाकाखाली ठेवला. "आर्डिसला ते चाललं नसतं," तो म्हणाला. "बाकावर कुणी खेटून बसलं तरी तिला खपायचं नाही. मला सुद्धा सरकवायची." मग तो उठला. उठताना त्याने तिला हात दिला आणि ती उभी राहिल्यावरही लगेच काढून घेतला नाही. "चल. आत जाऊ."

वांडाने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि रेडिओ बारीक केला. भिंतीवरच्या खुंटीची विजेची सुरी काढली. सणाला टर्की कापतात तीच, घरोघरी असते तसली.

"एकदा कापलं की परत चिकटत नाही," ती म्हणाली. "म्हणजे चिकटतं, पण मग ते बसताना कळतं. तुमच्याकडे जुनी राखून ठेवायची असेल तर दुसरा सांगाडा मागवते मी. दोन-तीन आठवडे लागतील."

"आम्हाला जुलैत निघायचंय," ऑर्लिन म्हणाला.

"आम्हाला," हा शब्द मार्लिसने ऐकला आणि ती खिडकीतून बाहेर बघायला लागली.

"मग कुणीतरी घट्ट धरा. सुरी चालली की सीट नाचते."

मार्लिस पुढे होणार तोच ऑर्लिनने सीट दोन्ही हातांनी धरली. सुरी घोंगावायला लागली. वरचा पांढरा थर सोलपटासारखा निघून पडला, मग त्याखालचा निळा. ऑर्लिन एकदाच "सावकाश" म्हणाला, आणि वांडाने खरोखर सावकाश घेतलं. फोमचा भुगा उडून त्याच्या बाह्यांवर, भुवयांवर बसत होता. त्याने हात सोडले नाहीत, त्यामुळे त्याला तो झटकताही येत नव्हता. मार्लिसने रुमाल काढून त्याचा चेहरा पुसला. चेहरा ओला होता, आणि फोमच्या भुग्याने डोळे झोंबतात हे तिघांनीही बिनविरोध मान्य केलं.

सुरी थांबल्यावर त्याने जमिनीवरचा निळा तुकडा उचलला. हातात धरून तो नुसता उभा राहिला, कुठे ठेवावा ते त्याला कळेना. वांडा कचऱ्याची पिशवी घेऊन येत होती ती मागल्या मागे वळली आणि तिला एकाएकी खिळे मोजायचं काम आठवलं. मार्लिसने तो तुकडा त्याच्या हातातून घेतला, गाडीच्या बाजूच्या पेटीत पावसाळी कोटांच्या खाली सरकवला आणि पेटी लावून टाकली.

दुपारी वांडाने सीट गाडीवर बसवली, वर आवरण नाही, नुसता फोम. पायाच्या पट्ट्या खाली आल्या होत्या. गोळ्यांचा खिसा ऑर्लिनने स्वतः काढला.

"गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारापर्यंत जायचं आणि परत यायचं," वांडाने बजावलं. "आणि 'छान आहे' एवढंच सांगायला येणार असाल तर येऊ नका. मी दार उघडणार नाही."

मार्लिस बसली. पाय सुटे झाले. डोकं काचेच्या आडोशाला आलं आणि ढोल थांबला. आजवर ऑर्लिनच्या हेल्मेटचा फक्त माथा तिच्या ओळखीचा होता. आता समोर त्याचा खांदा होता, आणि हात पुढे केला तर त्याची कंबर. तिने हात पुढे केला. पाठ टेकायला मागे चांगली उशी होती, हात टेकायला गाद्या होत्या, तेव्हा तशी काही गरज नव्हती.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मका वीतभर वर आला होता. हेल्मेटमधल्या ध्वनिक्षेपकातून ऑर्लिनचा आवाज आला. "कसं आहे?"

"छा..." मार्लिस सवयीने म्हणायला गेली आणि थांबली. तिने डोळे मिटून अंगाला विचारलं. "डावीकडे खाली काहीतरी टोचतंय."

"टोचतंय?" त्याच्या आवाजात इतका आनंद होता की वाटावं, तिने नातवंडाची बातमी दिली. "खूप?"

"खूप नाही. पण रोज बसले तर खूप होईल."

"सांगू वांडाला. आणखी काही?"

"पाठीची उशी जराशी वर हवी."

"वर. बरं. आणखी?"

"सध्या एवढंच."

ऑर्लिन समाधानाने गुणगुणायला लागला, चर्चमधलं नेहमीचं स्तोत्र. मार्लिसने एक ओळ ऐकली, दुसरी ऐकली. तिने आयुष्यभर तुताऱ्या आणि सनया वळणावर आणल्या होत्या.

"ऑर्लिन."

"हं?"

"तू अर्धा सूर खाली गातोस."

गुणगुणणं थांबलं. "आत्ता?"

"नेहमीच. चर्चमध्ये सुद्धा."

"सगळ्यांना माहितेय हे?"

"पाद्रीबुवांना पण."

"मग इतक्या वर्षांत कुणी बोललं का नाही?"

"कोण बोलणार!" मार्लिस म्हणाली, आणि हसायला लागली. ऑर्लिनच्या पाठीला ते हसू आधी जाणवलं आणि कानात मागून पोचलं. मग तोही हसला. गाडी जराशी डुलली आणि सावरली.

धान्याचं कोठार आलं. ऑर्लिनने वेग कमी केला.

"वळू का?"

इतर कुठल्याही दिवशी मार्लिस म्हणाली असती, तुला वाटेल तसं. "नको," ती म्हणाली. "नदीच्या पुलापर्यंत जाऊ. मला तो पूल बघायचाय. मग वळ."

"टोचतंय ना पण?"

"टोचतंय. पण पुलापर्यंत चालेल. पुढे नाही चालणार."

"बरं," ऑर्लिन म्हणाला, आणि कोठार मागे पडलं. थोड्या वेळाने त्याने चाचरत विचारलं, "तो सूर कुठे लावायचा मग?"

मार्लिसने तोंड मिटून त्याला सूर दिला. त्याने लावला, तो खाली पडला. तिने पुन्हा दिला.